तुझा उतरता काळ कुणी ठरवला

शिवराम,

गेल्या रविवारी रात्रशाळेत तुझी शोकसभा झाली. चिटणीस बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तुझ्या आयुष्याचे तीन कालखंड पाडले. पहिला उमेदीचा, दुसरा सेवेचा, तिसरा उतरता. बोलताना हाताने हवेत रेघा ओढत होते, शिंपी कापडावर ओढतो तशा. तिसरी रेघ कुठे ओढली ते सांगतो. ज्या वर्षी तुझा मॅट्रिकचा वर्ग चाचणीत इतिहासात आपटला, तिथे. ‘त्यानंतर मास्तरांचं शिकवणं ढळलं,’ ते म्हणाले. ‘प्रकृतीमुळे म्हणा, बाहेरच्या वातावरणामुळे म्हणा, अभ्यासक्रम सुटला. बाहेरच्या तज्ज्ञ परीक्षकांनीसुद्धा तसा शेरा दिला होता.’

बाहेरचे तज्ज्ञ परीक्षक पहिल्या रांगेत बसले होते. तुझ्या फोटोला घालायचा हार त्यांच्या हातात होता. मी मान डोलावली नाही. पण न डोलावलेली मान कुणाला दिसते? गप्प बसलेल्या माणसाचा होकारच धरतात. मग माझं नाव पुकारलं गेलं, मी उठलो, हार घातला आणि जागेवर येऊन बसलो. दोन शब्द बोला म्हणाले तर घसा बसलाय असं सांगितलं.

शाळेचा वार्षिक अंक निघायचा आहे. त्यात तुझ्यावर मीच लिहावं असं ठरलं. चिटणीस जिन्यापर्यंत पोचवायला आले. ‘ते तीन भाग धरूनच लिहा. तुम्हाला सोपं जाईल.’ मग आवाज उतरवून म्हणाले, ‘आणि ते चाचणीचं फार उगाळू नका. दिवस बरे नाहीत.’

दिवस बरे नाहीत हे खरंच आहे. हे द्विभाषिक राज्य टिकणार की मोडणार, मोडलं तर मुंबई कुणाच्या पदरात पडणार, कुणाला काही ठाऊक नाही. मोर्चा निघाला की गिरगावात अजून दुकानांच्या फळ्या आपोआप पडतात. मी निवृत्त झालो, तरी जिन्यात जड पावलं वाजली की हातातलं काम थांबतं. मुलगा अनंता सचिवालयात आहे. काल त्याने मला लिहिताना पाहिलं आणि उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, ‘बाबा, अंकाची प्रत कुठे कुठे जाते माहीत आहे ना?’ मी म्हटलं, मेलेल्या मित्रावर लिहितोय. तो म्हणाला, ‘हो, पण जिवंत माणसांचं काय?’ त्याची बायको आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मी कागद पालथा केला.

तर चिटणिसांनी सांगितलं तसंच लिहायला मी बसलो होतो. तुझ्या उमेदीच्या काळाला हात घातला आणि तिथेच अडलो. कारण तिथे मी आहे.

तुला आठवत असेल. कॉलेजात आपल्याला युरोपचा इतिहास शिकवणारे प्राध्यापक वही काढायला लावून सांगायचे, मध्ययुगाचा अंत सन १४५३, कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव, खाली दोन रेघा मारा. सगळा वर्ग रेघा मारायचा. त्या दिवशी तास संपल्यावर आपण ओव्हलच्या कडेने चाललो होतो, बरोबर चारपाच जण होते, आणि मी ऐटीत म्हणालो, ‘त्या सालच्या कुठल्या माणसाला ठाऊक होतं रे की तो मध्ये आहे? मध्ये असायला पुढचं टोक दिसायला हवं.’ सगळे हसले. तू हसला नाहीस. बाकीचे पांगल्यावर मला विचारलंस, ‘पंत, हे तू खरंच मानतोस की टाळीसाठी म्हणालास?’

‘टाळीसाठी.’

‘मग मला दे ते.’

मी दिलं आणि विसरलो. तू त्यावर तीस वर्षं शिकवलंस. तुझं शिकवणं ढळलं असं ज्याला म्हणतात, त्याचा उगम माझ्या त्या फुशारकीत आहे. हे तू कुणाला सांगितलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

नंतर मी दिवसाच्या शाळेत लागलो, पगार, बढती, मुलाखती, सगळं रीतसर. तू नायगावच्या बीडीडी चाळीतून रोज संध्याकाळी परळला चालत जायचास आणि गिरणीतली पाळी करून आलेल्या माणसांना युरोप शिकवायचास. आपण त्यांना मुलं म्हणायचो, पण त्यातले बरेच जण बाप झालेले होते. रविवारी तू गिरगावात माझ्या खोलीवर यायचास आणि आपलं भांडण सुरू व्हायचं. मी म्हणायचो, नावं नकोत म्हणणं सोपं आहे, पण नावांशिवाय शिकवणार कसं? शे-दोनशे वर्षं अशी सुटी सुटी मुलांच्या डोक्यात राहतील का? खुंटी लागतेच. तू म्हणायचास, ‘खुंटी असू दे. पण ती कुणी ठोकली तेही सांग. रेनेसाँसच्या माणसांनी मागच्या हजार वर्षांना मधली, अंधारी म्हटलं, कारण त्यांना स्वतःचा दिवा मोठा दाखवायचा होता. आणि त्यांच्या काळाला रेनेसाँस हे नाव इतकं घट्ट कुणी चिकटवलं? पार गेल्या शतकातल्या एका फ्रेंच इतिहासकाराने. आणि ह्या उजेडात शेतावरचं कूळ कुठे होतं? त्याच्या बायकोची रेनेसाँस कधी झाली?’ मी म्हणायचो, परीक्षेत हे विचारत नाहीत. तू म्हणायचास, ‘म्हणून तर शिकवायचं.’

एका रविवारी तू वर्गाला घेऊन बोरीबंदरला गेलास. मलाही ओढलंस. रस्त्याच्या पलीकडून स्टेशनच्या कमानी दाखवून तू त्यांना सांगितलंस की ह्या बांधणीला गॉथिक म्हणतात, आणि ते नाव मुळात शिवी होती. नंतरच्या लोकांना जुनी चर्चं ओबडधोबड वाटली, म्हणून त्यांनी ती रानटी गॉथ टोळ्यांच्या नावावर खपवली. ज्यांनी ती बांधली त्यांना हा शब्द ऐकूनही माहीत नव्हता.

तुझ्या वर्गातला राणे, लालबागचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, मान वर करून बघत होता. त्याने विचारलं, ‘मास्तर, मग साहेबाने शिवी एवढा खर्च करून इथे कशाला बांधली?’

‘तोवर शिवीचा मान झाला होता.’

‘असं होय. मग आमचा जॉबर देतो त्या पण जपून ठेवायला हव्यात.’

लोक वळून बघायला लागले एवढे सगळे हसले. परतताना तू माझ्याजवळ आलास आणि हळूच म्हणालास, ‘शिवीचा मान होतो, पंत. पण तो शिवी खाणाऱ्याने करावा लागतो.’ तू महारवाड्यातून आला होतास आणि मी कुठून आलो होतो ते दोघांनाही माहीत होतं. इतक्या वर्षांत आपण त्यावर फार थोडं बोललो. ते मला सोयीचं होतं, हेही इथेच लिहून टाकतो.

आता त्या चाचणीचं.

फाउंटनपाशी मोर्चावर गोळी चालून गेली होती. शहरात सगळीकडे कुजबुज होती. तुझ्या शाळेचा नियम असा की चाचणीत पास होईल त्याचाच मॅट्रिकचा अर्ज जाणार. पेपर बाहेरच्याने तपासावेत असा आग्रह तूच धरलास. मास्तर आपल्या माणसांना झुकतं माप देतात असं कुणी म्हणू नये म्हणून. आणि नाव सुचवलंस माझं. ‘पंतांना द्या, ते माझ्यापेक्षा कडक आहेत.’

जानेवारीत पेपर माझ्या हातात आले, आणि त्याच आठवड्यात गिरगाव पेटलं. तुला माहीत आहे कसं होतं ते. ठाकूरद्वारच्या बाजूने अश्रुधूर यायचा आणि आम्ही खिडक्यांच्या फटीत ओले पंचे कोंबायचो. संचारबंदी होती, पण तास-दोन तास सैल केली की बायका दुधासाठी धावायच्या. अशा एका दुपारी मी तुझ्या वर्गाचे पेपर घेऊन बसलो होतो. सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न नेहमीचाच होता, मध्ययुगाचा अंत केव्हा व कसा झाला. सगळ्या वर्गाने जवळपास एकच उत्तर लिहिलं होतं, तुझं. साल दिलं होतं, पाडाव दिला होता, आणि पुढे, हे नाव त्या काळच्या माणसांना ठाऊक नव्हतं, ते पुढच्यांनी का दिलं, वगैरे. छान लिहिलं होतं. मी खुशीत खुणा करत होतो. मग राण्याचा पेपर आला. त्याने लिहिलं होतं, ‘कॉन्स्टँटिनोपल पडले त्या दिवशी तिथल्या माणसांना आपले युग संपले असे वाटले नाही, आपले घर जळाले असे वाटले. फाउंटनला गोळी चालली तेव्हा आम्हालाही युगाचे काही कळले नाही. ज्यांनी गोळी घातली त्यांच्या काळाला पुढचे लोक काय नाव देतील ते आम्ही बघायला नसू.’

हे वाचत असतानाच जिन्यात बूट वाजले.

एकाचे नव्हते, बऱ्याच जणांचे होते. आमच्या मजल्यावर आले. शेजारचं दार वाजलं. मी तो पेपर हातात धरून उभा होतो आणि मला एकच दिसत होतं, राण्याच्या त्या वाक्याशेजारी मी केलेली बरोबरची खूण. माझ्या हाताची. मी सगळे पेपर उचलून तांदळाच्या डब्यात कोंबले आणि वर तांदूळ पसरले. ही आत उभी होती, तिने पुढे होऊन डब्याचं झाकण लावलं. बूट आमच्या दारावरून पुढे गेले, वर चढले आणि वरच्या मजल्यावरचा कुणाचा तरी भाचा घेऊन खाली उतरले. तो मुलगा सारखा ‘माझी चप्पल, माझी चप्पल’ म्हणत होता. त्याला चप्पल घालू दिली नव्हती.

अनंताला सचिवालयात लागून वर्ष झालं नव्हतं. मग मी पेपर बाहेर काढले, तांदूळ झटकले आणि तांबडी पेन्सिल घेतली. राण्याचं उत्तर खोडलं. मग वाटलं, एकट्याचंच खोडलं तर कुणीतरी ते काढून वाचेल, यात काय होतं म्हणून. म्हणून सगळ्यांची खोडली. समासात एकच शब्द लिहिला, विषयांतर. हा शब्द मी इतक्यांदा लिहिला की शेवटी माझा हात शांत झाला. हात शांत झाला याची मला आजही लाज वाटते.

संचारबंदी उठल्यावर तू आलास. चहा झाला. ‘तपासलेस?’ म्हणालास. मी हो म्हटलं. तू गठ्ठ्यातला वरचा पेपर घेतलास, चाळलास, मग खालचा, मग आणखी एक. माझ्याकडे बघितलं नाहीस. हिने दारातून विचारलं, ‘भावजी, आणखी चहा?’ तू म्हणालास, ‘नको वहिनी, चालत जायचंय.’ गठ्ठा पिशवीत घातलास आणि गेलास. मी गॅलरीतून बघत होतो. तू वळून बघशील या भीतीने मी खांबाआड झालो.

त्या वर्षी तुझ्या वर्गाचे बहुतेक अर्ज गेले नाहीत. कमिटीने तुला मॅट्रिकच्या वर्गावरून काढून खालच्या वर्गावर टाकलं, कारण बाहेरच्या परीक्षकाचा शेरा होता. तू एका शब्दाने विरोध केला नाहीस. हाच तो तुझा उतरता काळ. चिटणिसांना तो तुझ्या प्रकृतीत सापडला, वातावरणात सापडला. तो माझ्या खोलीत, तांदळाच्या डब्याशेजारी सुरू झाला. ही रेघ माझी आहे आणि ती खोटी आहे. तू तेव्हा जे शिकवत होतास ते आधीही शिकवत होतास, आणि ते बरोबर होतं. एवढं या अंकात छापलं जावं.

त्यानंतर रविवार बंद पडले. मी ट्राममधून परळकडे जाताना शाळा आली की दुसऱ्या बाजूला बघायचो. मग दसरा गेला, आणि दसऱ्यानंतर एका सकाळी तू अचानक दारात उभा राहिलास. तू जोडीने, वहिनींसह, नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आला होतास. मी मनात म्हटलं, आता बोलणार हा चाचणीबद्दल. तू टोपी काढून बसलास आणि म्हणालास, ‘पंत, मी चुकलो होतो.’

मी विचारलं, ‘कशात?’

‘काळाचं नाव नेहमी मागाहून येतं असं मी शिकवत आलो. नेहमी नाही येत. तिथे मैदानावर एवढी माणसं उभी होती, आणि प्रत्येकाला ठाऊक होतं की हे इथे संपलं आणि हे इथे सुरू झालं. आत उभी असलेली माणसंच रेघ ओढत होती. कुणा इतिहासकाराची वाट बघायची नव्हती त्यांना.’

मी काय केलं? मास्तरकी. म्हणालो, ‘शिवराम, भावना समजू शकतो. पण हे युगांतर आहे की नाही ते ठरायला शंभर वर्षं जावी लागतील.’

तू चिडलास की मला ‘तुम्ही’ म्हणायचास. त्या दिवशी चिडला नव्हतास, तरी म्हणालास, ‘तुम्हाला शंभर वर्षं थांबता येतं, पंत. आम्हाला नाही.’

ते भांडण अपुरंच राहिलं. त्यावर मी कितीतरी उत्तरं जुळवली. एकही टिकत नाही. मला एवढंच कळतं की तू त्या दिवशी एका काळातून दुसऱ्यात गेला होतास आणि मी खुर्चीत बसून दार कुठे आहे त्यावर शंका काढत होतो.

तुझ्या दुखण्यात मी इस्पितळात दोनदा आलो. पहिल्यांदा वहिनी होत्या, बोलता आलं नाही. दुसऱ्यांदा तू एकटा होतास. आता बोलायचं असं ठरवून आलो होतो. पण शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा होता, दारात कुणीतरी उभं होतं, आणि मला वाटलं, इथे नको. मरणाऱ्या मित्रापाशीसुद्धा मी आधी ऐकणारे मोजले. तूच बोलायला लागलास, पण रेनेसाँसला मराठी शब्द कोणता या आपल्या जुन्या वादावर. ‘रेनेसाँसला शेवटी काय शब्द धरलास?’

‘पुनरुज्जीवन.’

‘मेलं कोण होतं ते ठरलं का?’

आपण दोघं हसलो. तुला हसताना धाप लागली, नर्सने मला बाहेर काढलं. तेच शेवटचं.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मी नायगावला गेलो. वहिनींनी चटई टाकली. तुझा कोट खुंटीवरच होता. मी म्हटलं, ‘शिवराम धीट माणूस होता. मला ते कधी जमलं नाही.’ वहिनी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘कोण धीट? हे? ज्या दिवसापासून गोळीबार सुरू झाला, रोज संध्याकाळी निघताना पोटात कळ यायची त्यांना. संडासला जाऊन यायचे, मग निघायचे. मी म्हणायची, नका जाऊ आज. तर म्हणायचे, मी नाही गेलो तर ती माणसं थेट घरी जातील, रस्त्यावर फिरतील. वर्गात बसलेली बरी.’ सुपातला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला. ‘भ्यायचे हो. तुमच्यापेक्षा जास्त भ्यायचे. तुम्हाला नाही सांगितलं कधी?’

नाही सांगितलं. मीही कधी विचारलं नाही. तू निर्भय आहेस असं धरून चालणं माझ्या उपयोगाचं होतं. निर्भय माणसाशी कुणी आपली तुलना करत नाही.

नवा शिक्षक मिळेपर्यंत तुझा तास मी घ्यावा असं चिटणिसांनी सुचवलं होतं. मी नाही म्हणणार होतो. वहिनींकडून निघालो तो सरळ शाळेत गेलो, होकार दिला, आणि काल पहिला तास घेतला.

वर्ग भरलेला होता. पुढच्या बाकावर राणे. तो अजून येतो, तुला ठाऊकच आहे. त्या वर्षानंतर त्याने परीक्षेचा नाद सोडला, पण वर्ग सोडला नाही. शेवटच्या बाकावर एक अनोळखी माणूस होता, पांढरा सदरा, वही नाही. मी राण्याकडे नजरेनेच विचारलं. त्याने खांदे उडवले. नवा विद्यार्थी असेल. नसेलही.

मी फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो आणि सुरुवात करता येईना. शेवटी म्हटलं, ‘समजा, मध्ययुगातल्या एखाद्या माणसाला आपण रस्त्यात गाठून विचारलं, बाबा रे, तू कुठल्या युगात राहतोस? तो काय म्हणाला असता?’

राणे आपल्या मालवणीत म्हणाला, ‘म्हणालो असतो, आधी पाळी खंयची ती सांगा, युगाचा मागसून बघूया.’

वर्ग हसला. पांढरा सदराही हसला, आणि त्याने मला आणखीच भीती वाटली. पण आता नाही तर कधीच नाही हे मला कळत होतं. मी म्हटलं, ‘चाचणीच्या वेळी तुमच्यापैकी ज्यांनी मध्ययुगाचं उत्तर लिहिलं होतं, त्यांची उत्तरं बरोबर होती. मास्तरांनी शिकवलेलं बरोबर होतं. ती मी खोडली. पोलीस आमच्या चाळीत आले होते आणि मी घाबरलो होतो, म्हणून खोडली. दुसरं कारण नाही.’

मी टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि शिवी देईल. मी त्याची वाटच बघत होतो असं म्हटलं तरी चालेल.

राणे उठला. ‘सर, ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं.’

‘कुणी सांगितलं?’

‘सांगायला कशाला पाहिजे? आम्ही निघालो होतो तुमच्याकडे गिरगावात, जाब विचारायला. चांगले तयारीने निघालो होतो. मास्तर जिन्यात आडवे आले. म्हणाले, पंतांच्या दारात कुणी जायचं नाही. म्हणाले, आपण चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या गोऱ्या माणसांना समजून घेतो, त्यांच्या काळात त्यांना काय दिसत होतं, कशाची भीती होती, सगळं बघतो. मग पंतांनी काय घोडं मारलंय? तेही आपल्यासारखे ह्याच काळात राहतात.’ एवढं बोलून तो खाली बसला. मग बसल्या बसल्या म्हणाला, ‘आम्हाला पटलं नव्हतं, ते सोडा. पण मास्तरांपुढे कोण बोलणार? चला सर, पुढचं घ्या. घंटा होईल.’

मी पुढचं घेतलं. काय घेतलं ते आठवत नाही.

शिवराम, तुला माहीत होतं, आणि तू मला आतल्या आत समजून घेऊन बसला होतास, माझ्या चहासमोर, माझ्या पुनरुज्जीवनासमोर, त्या खाटेवर. तू भांडला असतास तर माझ्याजवळ उत्तरं तयार होती. अनंताची नोकरी, जिन्यातले बूट, चप्पल मागणारा तो मुलगा, सगळं ओळीने सांगितलं असतं. तू मात्र मला सांगायला काही शिल्लकच ठेवलं नाहीस. तुझ्या या चांगुलपणाचा मला राग येतो आणि तो कुठे ठेवावा कळत नाही.

तास संपल्यावर तो पांढरा सदरा माझ्याआधी जिना उतरून गेला. खालच्या नाक्यावर तो कुणाशी तरी बोलत उभा होता. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो.

हा लेख पुरा झाला आहे. अनंताला वाचून दाखवला. त्याने उठून खिडकी लावून घेतली. उद्या मी स्वतः परळला जाऊन तो चिटणिसांच्या हातात देणार आहे. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवला, तर मागून धावत जाऊन परत घेईन, अशी मला माझीच भीती वाटते.